नोंदवहीत न आलेले आजार : एका शोधनिबंधाचे परीक्षण

वंचित समाजाच्या आरोग्यावर प्रकल्प करायचा म्हटला की नर्सिंगचे विद्यार्थी बहुधा आधी रुग्णालयाची नोंदवही उघडतात. पण त्या नोंदवहीत दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांचीच नावे असतात. ही अडचण ओळखून केलेला एक अभ्यास तुम्ही जरूर वाचा. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत तो केला आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला.

आजारी असोत वा नसोत, गावातल्या ६५० स्त्रियांची यात तपासणी झाली. स्त्रीरोगाची तक्रार ५५ टक्के स्त्रियांनी सांगितली. प्रत्यक्षात एक किंवा अधिक आजार ९२ टक्के स्त्रियांना आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के.

हे आकडे शेजारी मांडून पाहा. तक्रार सांगणारी प्रत्येक स्त्री आजारी होती असे धरले, तरी ९२ वजा ५५, म्हणजे किमान ३७ टक्के स्त्रियांना आजार होता, पण तक्रार नव्हती. नुसती प्रश्नावली नेली असती, तर त्या निरोगी ठरल्या असत्या. अभियांत्रिकीत आपण हेच शिकतो : मापकाचा काटा हलला नाही, म्हणून दाब शून्य ठरत नाही.

आता मर्यादा. दोन गावांचा आकडा देशाचा म्हणून वापरता येत नाही. दुसरे, विषमता म्हणजे दोन गटांतील फरक. त्याच पद्धतीने तपासलेला शहरी किंवा सधन गट येथे नाही. म्हणून ९२ हा आकडा आजाराचा भार दाखवतो, विषमता सिद्ध करत नाही. विषमता दिसते ती ९२ आणि ८ यांच्यामधल्या दरीत : गरज केवढी आणि सेवा किती. माझ्या मते निबंधाचे खरे बळ या दरीत आहे.

आमच्या मारतहळ्ळीत आयटी कंपन्यांच्या इमारती उभारणारे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. तेथील स्त्रियांवर प्रकल्प करायचा असेल, तर तीन गोष्टी आधी लिहून काढा. टक्केवारीच्या छेदात कोण असेल? तुलना कोणाशी? आणि आजार सापडल्यास उपचार कोण करील? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत तपासणी सुरू करू नका.