‘चक दे! इंडिया’ हा पुरावा नाही

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एका सिनेमाची उलटतपासणी करू. क्रीडा विषय घेतला की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘प्रशिक्षकाच्या नेतृत्वामुळे संघाची पुनर्बांधणी झाली.’ हे वाक्य बऱ्याचदा वाचनातून येत नाही, ‘चक दे! इंडिया’तून येतं.

२००७चा हा सिनेमा चांगला आहे. झारखंड-मिझोरामच्या मुलींना आपल्याच देशात कसं परकं ठरवतात, हे तो नेमकं दाखवतो. पण त्याचा दावा बघा: विखुरलेल्या मुली, एक जिद्दी प्रशिक्षक, आणि थेट विश्वचषक. त्यामागची खरी घटना म्हणजे २००२चं मँचेस्टर राष्ट्रकुल सुवर्ण. कर्णधार होती सूरजलता देवी. महिलांचा विश्वचषक भारताने कधीच जिंकलेला नाही. १९७४चा चौथा क्रमांक हीच सर्वोत्तम कामगिरी. सिनेमाला ही सूट आहे. त्यातला कार्यकारणभाव उचलून प्रबंधात टाकायची सूट मात्र तुम्हाला नाही.

पहिला प्रश्न: घड्याळ कुठे थांबवता? २००२ला थांबलात तर पुनर्बांधणी यशस्वी. थोडं पुढे चला. २००४, २००८, २०१२ या तिन्ही ऑलिंपिकला संघ पात्रच ठरला नाही. २०१६ला रिओत गेला आणि १२ संघांत शेवटचा आला. टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० हरवून चौथा आला. इथे थांबलात की श्योर्ड मारिन नायक. जानेवारी २०२४ला रांचीत जपानकडून ०-१ हरला आणि पॅरिस हुकलं. टोकियोतल्या बऱ्याच जणी या संघातही होत्या. म्हणजे शेवटचं वर्ष तुम्ही निवडता आणि निष्कर्ष आपोआप तयार होतो. म्हणून कालखंड का निवडला, ते निकाल बघण्याआधी लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न छेदाचा. ‘१९८०च्या मॉस्कोनंतर पुन्हा चौथा क्रमांक’ असं टोकियोच्या वेळी खूप छापून आलं. पण मॉस्कोत बहिष्कारामुळे फक्त ६ संघ होते, टोकियोत १२. सहातला चौथा आणि बारातला चौथा एकाच रकान्यात कसा बसेल? ‘एकेकाळी आपला दबदबा होता’ हे वाक्यसुद्धा असंच तपासा. दबदबा कुठे, किती संघांत?

तिसरा प्रश्न: कारण एकच होतं का? मारिन २०१७ला महिला संघाकडे आले, त्याच वर्षी पुरुष संघाकडे गेले आणि २०१८ला परतले. मधल्या काळात, २०१७चा आशिया चषक संघाने हरेंद्र सिंग यांच्या हाताखाली जिंकला. २०१८पासून ओडिशा सरकारचं प्रायोजकत्व आलं. आता प्रशिक्षकाचा परिणाम आणि पैशाचा परिणाम वेगळा कसा काढणार? एका संघाच्या गोष्टीतून तो निघत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टोकियोच्या १६ जणींत ९ हरयाणाच्या होत्या, महाराष्ट्राची एकही नव्हती. प्रशिक्षक तर सगळ्यांना एकच होता ना? मग जी गोष्ट सगळ्यांसाठी सारखी आहे, ती फरकाचं कारण असू शकत नाही. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार एलिझा नेल्सन आपल्या पुण्याची. अलीकडे साताऱ्याची वैष्णवी फाळके भारताकडून खेळली. तेव्हा ‘आपल्या मुलींत दम नाही’ हे उत्तर बाद. प्रश्न उरतो तो मधल्या गळतीचा: शाळेपासून राष्ट्रीय शिबिरापर्यंत मुली नेमक्या कुठे गळतात?

हा प्रश्न जळगाव-धुळ्यात बसून सोडवता येतो, दिल्लीला जावं लागत नाही. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. आपले दोन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करून दहा वर्षांच्या प्रवेशिका मागा. मुलींचे किती संघ उतरले, कोणत्या शाळांचे, पुढच्या वर्षी त्यातले किती उरले, हे मोजा. मैदान माती-गवताचं की टर्फचं, ते जाऊन बघा. ज्या मुलींनी खेळ सोडला त्यांना आधी भेटा, कारण सिनेमात त्या नसतात. एखाद्या जिल्ह्यातून शून्य संघ आले असतील तर तो शून्यसुद्धा तुमचा डेटा आहे, तो तक्त्यातून काढू नका.

सिनेमाचं उत्तर मानलं तर खान्देशाने फक्त कबीर खान यायची वाट बघायची. गळती मोजली, तर निदान कुठल्या पायरीवर काम करायचं आणि जाब कुणाला विचारायचा, एवढं तरी कळेल. सिनॉप्सिसमध्ये हा दुसरा प्रश्न लिहा. गाईड विचारतील, ‘यात प्रशिक्षक कुठे आहे?’ सांगा, ‘सर, तो अनेक कारणांपैकी एक आहे, आणि त्याचा वाटा अजून मोजायचा आहे.’