गोड शब्दाआडची हत्या

लोइस लॉवरी या अमेरिकन लेखिकेची ‘द गिव्हर’ ही किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये तिला न्यूबेरी पदक लाभले. तिच्यातील एका प्रसंगाने मात्र अनेक पालक हादरले आणि ती शाळांतून काढून टाकावी, अशी मागणी अमेरिकेत वारंवार झाली.

भूक, युद्ध आणि वेदना हद्दपार केलेल्या एका समाजाची ही कथा आहे. बारा वर्षांच्या जोनासचे वडील अर्भकांचे संगोपन करतात. स्वभावाने ते मायाळू. जुळी बालके जन्मली, तर कमी वजनाच्या बालकाची ‘मुक्तता’ करायची, असा तेथील नियम. तो विधी जोनास पडद्यावर पाहतो. वडील लाडीगोडीने बोलत बाळाच्या कपाळावरील शिरेत सुई खुपसतात, निष्प्राण देह खोक्यात ठेवून कचऱ्यासारखा ढकलून देतात आणि हसतमुखाने निरोप घेतात.

येथे ना क्रोध, ना रक्त. बेथलेहेमची बालके मारविणाऱ्या हेरोदाला आपण काय करीत आहोत हे ठाऊक होते; या पित्याला ते ठाऊक नाही. एका गोड शब्दाने त्याची सदसद्विवेकबुद्धी निजवली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘एव्हांजेलियुम विते’ या विश्वपत्रात हाच इशारा दिला होता : हत्येला सौम्य नाव दिले की तिचे खरे स्वरूप झाकले जाते. आपल्याकडे गर्भपात करून आल्यावर ‘पिशवी साफ केली’ असे म्हटले जाते, तेव्हा वेगळे काय घडते?

कादंबरीत एक उणीव जाणवते. जोनास पळून जातो. पण पित्याला समोरासमोर जाब विचारीत नाही. अजाणतेपणी घोर पाप करणाऱ्या या माणसाला सत्य कळले असते, तर तो पश्चात्ताप पावला असता काय? ख्रिस्ती वाचकाला पडणारा हा प्रश्न लेखिकेने अनुत्तरित ठेवला आहे.

तरीही हे पुस्तक मुलांपासून लपवू नये. बारा वर्षांपुढील मुलांना ते जरूर द्यावे. मात्र आईवडिलांनी ते आधी स्वतः वाचावे. जोनासला धक्का बसतो, कारण मरण म्हणजे काय हे त्याने जाणलेले असते. आपल्या मुलांनाही तो धक्का बसला, तर त्यांची सदसद्विवेकबुद्धी जागी आहे असे समजावे.