देवदत्त भूमी आणि सरव्याचा हक्क

ईश्वराने दिलेली भूमी, ही कल्पना आपल्या वाचकांना प्रथमदर्शनीच संशयास्पद वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु यहुदी धर्मातील भूमिसंबद्ध आज्ञांची चिकित्सा करताना केवळ ईश्वर नाकारून भागत नाही. त्या आज्ञांनी भूमिहीनाला काय दिले, हे तपासावे लागते.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन कायमची विकण्यास मनाई आहे. कारण ती देवाची आणि कसणारे त्याच्याकडचे उपरे. या एका विधानातून कर्तव्यांची मोठी मालिका निघते. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचे आणि आपोआप उगवेल ते सर्वांना खुले करायचे. पीक कापताना शेताचा कोपरा सोडायचा. मिश्ना या धर्मशास्त्रग्रंथाने त्याचे किमान प्रमाण साठावा हिस्सा ठरविले आहे. कापताना दोन कणसे गळाली तर ती गरिबांची, तीन गळाली तर मालकाची, इथपर्यंत हिल्लेलच्या परंपरेने काथ्याकूट केला आहे. वाचताना हसू येते. पण ती कणसे कोणत्या गरिबाने वेचावीत हे ठरविण्याचा अधिकार मालकाला नाही, हा त्यातील खरा मुद्दा.

नांदेड-लातूरच्या शिवारात सरवा वेचणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ज्वारी असो, भुईमूग असो की सोयाबीन, रान मोकळे झाले तरी मालकाने होकार दिल्याशिवाय तिचे पाऊल बांधाच्या आत पडत नाही. येथे सरवा ही मेहेरबानी आहे. बलुतेही तसेच; कामाचा मोबदला असूनही ते खळ्यावर हात पसरून घ्यावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही लाचारी संपविण्यासाठीच. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेवढ्यापुरती यहुदी आज्ञा आपल्या गावगाड्यापेक्षा निःसंशय श्रेष्ठ ठरते.

मात्र यातील बहुतेक आज्ञा त्या विशिष्ट भूमीपुरत्याच आहेत, आणि ती भूमी वंशाला दिलेली आहे. दोष येथे आहे. पूर्वापार तेथे राहणाऱ्या आणि १९४८ साली लाखोंच्या संख्येने विस्थापित झालेल्या पॅलेस्टिनी अरबांना या दानपत्रात स्थान नाही. (सातव्या वर्षी शेती थांबू नये म्हणून जमीन कागदोपत्री यहुदीतराला विकण्याची तोड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली, आणि ती अद्याप वापरली जाते. हा उपहास कोणा विरोधकाने रचलेला नाही!)

पण वंशाच्या कसोटीने घरचेही सुटले नाहीत. कोकणातील बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. शेताचा कोपरा सोडण्याचे बंधन त्यांना येथे नव्हते. शब्बाथ आणि सुंता त्यांनी शतकानुशतके पाळली. इस्रायल राष्ट्र झाल्यावर हजारो मराठीभाषक तिकडे गेले. १९६२ साली तेथील प्रमुख रब्बींनी विवाहनोंदणी अधिकाऱ्यांना आदेश दिला, की या लोकांची मातृवंशपरंपरा शक्य तितक्या मागे जाऊन तपासावी. आजी कोण, पणजी कोण! १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा संसदेने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली.

त्या रब्बींच्या धर्मग्रंथातच रूथची कथा आहे. ती मवाबी, म्हणजे परकी. बेथलेहेमच्या सातूच्या शेतात ती सरवा वेचते, आणि पुढे दावीद राजा तिच्याच वंशात जन्मतो. ज्या आज्ञेने रूथला शेतात येऊ दिले ती आज्ञा वंश विचारीत नव्हती. तेव्हा भूमीच्या आज्ञांमधील न्याय आणि भूमीच्या दानामागील वंश या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, आणि चिकित्सकाने त्या वेगळ्या केल्याच पाहिजेत.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. गायरान कसणाऱ्या भूमिहीनांसाठी महाराष्ट्र शासनाने १९९१ साली निर्णय काढला. तेथेही १४ एप्रिल १९९० पूर्वीची वहिवाट सिद्ध करावी लागते. दंडाची पावती किंवा गाव नमुना १-ई मधील नोंद असेल तर ठीक; नसेल तर साक्ष बांधशेजाऱ्यांची. हे बांधशेजारी बहुधा तेच, ज्यांच्या होकारावाचून सरवा मिळत नाही.