थेट प्रक्षेपणावरचे आकडे : कोण विचारतो, कोण उत्तर देतो?

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरताना इस्रोचे थेट प्रक्षेपण ज्यांनी पाहिले, त्यांना पडद्यावरचे तीन आकडे आठवत असतील : उंची, आडवा वेग, उभा वेग. चित्रावर असा माहितीचा थर चढवतात त्याला 'ओव्हरले' म्हणतात. तो चांगला असला की काय घडते, हे त्याआधी ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे दिसले होते. चांद्रयान-२ च्या वेळी नियोजित मार्गाची रेषा आणि तिच्यावरून सरकणारा हिरवा ठिपका समोर होते. ठिपका रेषा सोडू लागला, तेव्हा आलेखाला एरवी कंटाळणाऱ्यांनीही श्वास रोखला. निवेदक गप्प होते. आलेख बोलत होता.

२०२३ च्या प्रक्षेपणात आकड्यांसोबत उतरणाऱ्या यानाचे संगणकाने काढलेले हलते चित्रही होते. आमच्यासोबतच्या बऱ्याच मुलांना ते कॅमेऱ्यातून आलेले वाटले. 'यानाबाहेर उभे राहून हे कोणी टिपले?' असे एका मुलीने विचारले, म्हणून गैरसमज उघडा पडला. आकडे मोजलेले आणि चित्र कल्पिलेले, हा फरक पडद्यावर ठळक हवा होता.

आता आमच्याच कामाची झडती. त्या संध्याकाळी काही शाळांसाठी आम्ही प्रक्षेपणावर स्वतःचा 'परस्परसंवादी' थर चढवला होता. कृती अवघड नाही. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर एकावर एक थर रचून चित्र बनवते. त्यात 'ब्राउझर सोर्स' म्हणून पारदर्शक पार्श्वभूमीचे वेबपान जोडले, की त्या पानावरचा मजकूर चित्रावर उमटतो. मुलांनी फोनवरून उत्तर द्यायचे, ते पानाकडे यायचे आणि मतांची पट्टी वाढायची. चाचणी उत्तम झाली, कारण ती एकाच खोलीत झाली होती!

पण हा थर पाठवणाऱ्याच्या संगणकातच चित्रात मिसळून जातो. पाहणाऱ्याला त्यावर बोट ठेवून काही करता येत नाही; त्याचे उत्तर वेगळ्या वाटेने येते. चंद्रावरून संदेश यायला सुमारे १.३ सेकंद लागतात, मात्र इंटरनेटवरचे प्रक्षेपण काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे राहू शकते, आणि प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे. 'आता उभा वेग वाढेल की घटेल?' हा आमचा प्रश्न काही शाळांत पोचला, तेव्हा शेजारच्या घरातल्या दूरदर्शन संचावर उत्तर होऊन गेले होते. भाकीत म्हणून जमवलेल्या मतांत पाहून दिलेली उत्तरे मिसळली. ती वेगळी कशी काढणार? भरीस भर म्हणजे शाळांची नावे सरकवणारी आमची हौशी पट्टी नेमकी उभ्या वेगाच्या आकड्यावर बसली.

तेव्हापासून आम्ही दोन बदल केले. पट्टी काढली. आणि चालू क्षणाचे उत्तर मागणे सोडले. आकडेमोड करायला लावणारा प्रश्न दोन-तीन मिनिटे पडद्यावर ठेवतो. मग कोणी वीस सेकंद मागे असला तरी बिघडत नाही. नमुना असा : नियोजनानुसार पहिल्या टप्प्यात ६९० सेकंदांत आडवा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटरवरून ३५८ मीटरवर यायचा होता, तर सरासरी ऋण त्वरण किती? उत्तर सुमारे १.९ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. चंद्राचे गुरुत्वत्वरण १.६ च्या आसपास, म्हणून काही मुले 'गुरुत्वामुळेच वेग घटला' असे लिहून मोकळी होतात. गुरुत्व खाली ओढते, मग आडवा वेग कसा घटेल, असे दुसऱ्या शाळेतून कोणी तरी विचारतेच. त्या वेळी आम्ही मतांची पट्टी मिटवतो आणि ध्वनिक्षेपक मुलांकडे देतो.