नडगी वाचली, पण गुडघ्याचं काय? स्की बाइंडिंगवरच्या संशोधनाची चिकित्सा



सिनॉप्सिस लिहिताना ‘परिणामकारक’, ‘कार्यक्षम’, ‘विश्वासार्ह’ हे शब्द आपण सढळ हाताने वापरतो. गाईडने ‘हे मोजणार कसं?’ असं विचारलं की गाडी अडते. आज ‘विश्वासार्ह’ हा एकच शब्द हातात धरून एका गाजलेल्या संशोधनाकडे बघू. विषय जरा लांबचा आहे: बर्फाच्या उतारावर स्कीइंग करताना बूट आणि स्की यांना जोडणारं बाइंडिंग.

बाइंडिंगला दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात. चालू वळणात बूट घट्ट धरून ठेवायचा आणि पडताना, पाय पिरगळायच्या आत, तोच बूट सोडून द्यायचा. म्हणजे चुकाही दोन प्रकारच्या होतात. सुटायला हवं तेव्हा सुटत नाही, ही एक. सुटायला नको तेव्हा सुटतं, ही दुसरी. स्प्रिंग घट्ट केली की दुसरी चूक कमी होते आणि पहिली वाढते. संख्याशास्त्रात पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक शिकलात ना, अगदी तसंच. त्यामुळे ‘हे बाइंडिंग कधीच सुटत नाही, एकदम भरवशाचं’ असं कौतुक कानावर आलं, तर सांगणारा फक्त एकाच चुकीबद्दल बोलतोय हे लक्षात घ्या.

हजालमार ह्वाम हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये राहणारा स्कीपटू. १९३७ मध्ये त्याचा पाय मोडला आणि त्यानंतर त्याने आपोआप सुटणारं बाइंडिंग तयार केलं. पुढे अशी बरीच यंत्रणा बाजारात आली. पण ती खरोखर पाय वाचवते का, हे मोजायला मात्र वेळ लागला. ते काम नेटाने केलं अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या गटाने. अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट जॉन्सन, अभियंता कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली या तिघांनी १९७२ च्या हिवाळ्यापासून शुगरबुश भागातल्या एका स्की रिसॉर्टच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जखमीची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि ती अनेक दशकं चालू ठेवली.

या अभ्यासातून शिकण्यासारखं भरपूर आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी नुसते जखमी मोजले नाहीत, तर दुखापत न झालेल्या स्कीपटूंचाही तुलना-गट घेतला. दुसरी म्हणजे साहित्य प्रत्यक्ष तपासलं. ‘तुमचं बाइंडिंग नीट होतं का?’ एवढं विचारून थांबले नाहीत. तिसरी म्हणजे छेद नीट निवडला. एकूण दुखापती किती, यापेक्षा दोन दुखापतींच्या मध्ये स्कीइंगचे सरासरी किती दिवस जातात, हे माप त्यांनी वापरलं. गर्दी वाढली म्हणून अपघात वाढले, अशी फसगत मग होत नाही.

निकाल काय आला? १९७० च्या दशकापासून नडगीच्या हाडाचे फ्रॅक्चर खूप कमी झाले. पण त्याच काळात गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण वाढत गेलं आणि १९९० च्या आसपास ते चिंतेचा विषय बनलं. साहित्य सुधारत होतं, तरीही गुडघे जात होते.

असं का झालं, हे समजण्यासाठी बाइंडिंगवरचा आकडा कशाचा आहे ते बघावं लागतं. बोलीभाषेत त्याला ‘डिन’ म्हणतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीपटूचा प्रकार यांवरून तो तक्त्यातून काढतात. एके काळी नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाची रुंदी मोजूनही तो ठरवत. इथेच मेख आहे. हा आकडा मुळात नडगीचं हाड किती पीळ आणि वाक सहन करेल, या हिशोबावर बसवलेला आहे. गुडघ्याचा हिशोब त्यात नाही.

मागे रेलून पडताना नितंब गुडघ्यांच्या खाली जातात आणि उताराकडच्या स्कीची शेपटी आतल्या कडेवर बर्फात रुतते. ती शेपटी तरफेसारखी वाकलेला गुडघा आत पिरगळते. या यंत्रणेला त्याच संशोधकांनी ‘फँटम फूट’ म्हणजे अदृश्य पाऊल असं नाव दिलं. नडगी मोडायला लागतो त्याहून कमी पिळात इथे एसीएल तुटू शकतो. शिवाय जोर टाचेजवळ आला, तर पुढच्या भागाला तो पीळ फारसा जाणवतच नाही. बाइंडिंग सुटत नाही, आणि मानकाप्रमाणे त्यात बिघाडही नसतो!

म्हणजे माप अचूक होतं, पण ज्या दुखापतीसाठी बनवलं तिच्यापुरतंच. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलायबिलिटी उत्तम, व्हॅलिडिटी मर्यादित.

आता माझे आक्षेप. फ्रॅक्चर कमी झाले याचं श्रेय सरसकट बाइंडिंगला देणं मला पटत नाही. त्याच दशकांत बूट उंच आणि कडक झाले, स्की आखूड झाल्या, उतार यंत्राने सपाट केले जाऊ लागले. एका ठिकाणच्या निरीक्षणातून हे सगळे व्हेरिएबल वेगळे काढणं अवघड असतं. दुसरा आक्षेप नोंदीचा. मोडलेली नडगी घेऊन माणूस दवाखान्यात येतोच. सुजलेला गुडघा घेऊन तो कदाचित घरी जातो. पुढे एमआरआय सर्रास झाल्यावर निदानही वाढलं असणार, म्हणून वाढीतला किती भाग खरा आणि किती निदानाचा, हा प्रश्न विचारायलाच हवा. तिसरा मुद्दा ‘स्कीपटूचा प्रकार’ या रकान्याचा. सावध, मध्यम की आक्रमक, हे स्कीपटू स्वतःच सांगतो. मित्रांसमोर फॉर्म भरणारा तरुण ‘सावध’वर खूण करेल? एवढ्या तांत्रिक तक्त्यात हा एक स्वयंकथित व्हेरिएबल बसलाय आणि त्यावर स्प्रिंगचा ताण ठरतो.

तरी या गटाचं मोठेपण असं की, आपल्याच निकालातली गैरसोयीची बाजू त्यांनी लपवली नाही. १९९५ मध्ये त्यांनी प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडतानाची धोक्याची स्थिती ओळखायला शिकवल्यावर गस्ती पथक आणि प्रशिक्षकांमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यात आहे. आकडा आकर्षक आहे, पण हे सगळे रोज बर्फावर असणारे लोक. आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या नवशिक्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

मग बाइंडिंग निवडायचं कसं? गुलमर्ग किंवा औलीला कोर्ससाठी जाणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल.

आधी बुटाचा तळ आणि बाइंडिंग एकाच मानकाचे आहेत का ते बघा. अल्पाइन, टूरिंग आणि ग्रिपवॉक तळ वेगवेगळे असतात. न जुळणाऱ्या जोडीत आकडा बरोबर असूनही सुटणं बिघडतं. तुमचा आकडा बाइंडिंगच्या पट्ट्याच्या टोकाला येऊ नये. ७ हवा असेल तर ४ ते १२ चा पट्टा ठीक. मित्राचा आकडा उचलू नका, कारण वजन सारखं असलं तरी आखूड बुटाला मोठा आकडा लागतो.

आणि ‘टिकाऊ’ म्हणजे फक्त धातूचं आवरण नव्हे. बाहेरून शाबूत दिसणाऱ्या बाइंडिंगची स्प्रिंग, ग्रीस आणि बुटाखालची सरकपट्टी झिजलेली असू शकते. म्हणून उपकरणावर सुटण्याचा पीळ मोजून घ्या. कंपन्या दुरुस्तीसाठी मान्य मॉडेल्सची यादी ठेवतात आणि जुनी मॉडेल्स तिच्यातून गळतात. यादीत नसलेलं बाइंडिंग स्वस्तात मिळालं तरी नको. ‘माझं वीस वर्षं टिकलंय’ हा पुरावा नाही, मोडलेली बाइंडिंग बोलायला येत नाहीत.

एवढं सगळं केलंत तरी गुडघ्याची हमी मिळत नाही. टाचेकडूनही बाजूला सुटणारी काही बाइंडिंग आहेत, कल्पना तर्काला धरून आहे. पण विकणाऱ्याने ‘एसीएल वाचतो’ म्हटलं, तर कोणत्या गटात, किती दिवसांच्या स्कीइंगवर आणि कोणाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही, तर तो दावा लिटरेचर रिव्ह्यूमध्येही घेऊ नका.