दाराखालची वीट : आपोआप बंद होणारं दार आपण का अडवतो?

रायगडच्या किनारपट्टीवर गेल्या दहा-बारा वर्षांत झालेल्या एखाद्या उंच इमारतीत जा आणि लिफ्ट सोडून जिन्याकडे वळा. उलवे घ्या, द्रोणागिरी घ्या, नाहीतर अलिबागच्या नव्या सोसायट्या. जिन्याच्या तोंडाशी जड दार, त्याच्या वरच्या कोपऱ्यात डोअर क्लोजर, दारावर 'फायर डोअर, बंद ठेवा' अशी पाटी. आणि बऱ्याचदा त्याच दाराखाली वीट. वीट नसेल तर लाकडाची पाचर, तुटकी कुंडी, पाण्याने भरलेला कॅन, किंवा चक्क असोला नारळ.

यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. अग्निसुरक्षेची माणसं म्हणतात, लोकांना शिस्तच नाही. रहिवासी म्हणतात, नियम करणाऱ्यांना इथे राहायचं नाहीये. माझं पीएच.डी.चं काम इमारतीत धूर कसा फिरतो यावर आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं सारखं कानावर पडतं. आज मला टीका करायची आहे ती नियमांच्या आणि आमच्या संशोधनाच्या एका सवयीवर. दोघंही दाराला वस्तू समजतात. एकदा बसवली, मोजली, की काम झालं. पण त्या दारातून माणसं दिवसभर ये-जा करतात. ही ये-जा रोज त्रासाची होत असेल, तर वीट येणारच. ती का येते हे न बघता फक्त ती उचलायला सांगण्यात काही अर्थ नाही.

दाराचं काम नेमकं काय?

आगीत बहुतेक माणसं ज्वाळांनी जात नाहीत, धुराने जातात. गरम धूर हलका असतो, वर चढतो, आणि इमारतीत त्याला वर चढायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे जिना. जिन्याची दारं उघडी असली की जिना धुराडं होतो, आणि तीच तर आपली पळायची वाट. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली तळाच्या पार्किंगमध्ये, पण धूर वर चढला आणि किमान सात जणांचा जीव गेला.

फायर डोअरवर ६० मिनिटं, १२० मिनिटं असं लिहिलेलं असतं. हा आकडा भट्टीत चाचणी घेऊन काढतात, आणि त्या चाचणीत दार बंद असतं. म्हणजे दोन तासांच्या दाराखाली वीट ठेवली की ते शून्य मिनिटांचं होतं. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेच्या अग्निसंशोधकांनी खऱ्या घरांत आगी लावून केलेली मोजणी प्रसिद्ध आहे. दार उघडं असलेल्या खोलीत तापमान हजार अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं, बंद दाराच्या खोलीत ते शंभराच्या आसपास राहिलं. तीही साधी घरातली दारं होती. त्यामुळे 'दार बंद पाहिजे' यावर माझा काहीच वाद नाही. ते बंद राहील कसं, एवढाच प्रश्न आहे.

वाऱ्याचं गणित

किनाऱ्यावर दुपारी खारे वारे सुटतात. समुद्राकडच्या फ्लॅटची खिडकी उघडी, पलीकडच्या बाजूची खिडकी उघडी, आणि मधे जिन्याचं किंवा लॉबीचं दार. या दारावर किती जोर पडतो, हे अकरावीच्या भौतिकशास्त्रावरही काढता येईल.

दार ०.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच धरू. क्षेत्रफळ साधारण १.९ चौरस मीटर. वारा सेकंदाला ६ मीटर, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर. ही काही वादळाची हवा नव्हे. वाऱ्याचा दाब म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं सुमारे २२ पास्कल. तेवढा दाब दारावर पडला तर एकूण जोर होतो ४१ न्यूटन. तो दाराच्या मध्यावर लागतो असं धरलं, म्हणजे बिजागरीपासून ०.४५ मीटरवर, तर दार फिरवणारा जोर होतो सुमारे १८ न्यूटन-मीटर.

आता दुसरी बाजू. युरोपच्या ईएन ११५४ या मानकात क्लोजरना जोरानुसार १ ते ७ क्रमांक दिलेत आणि फायर डोअरला किमान ३ क्रमांकाचा क्लोजर लागतो. तो क्लोजर बंद होण्याच्या शेवटच्या टप्प्यात किमान १८ न्यूटन-मीटर जोर लावू शकला पाहिजे. म्हणजे सहाच्या वाऱ्यात वारा आणि क्लोजर बरोबरीत. वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर झाला की वाऱ्याचा जोर ५१ न्यूटन-मीटर होतो, क्लोजरच्या जवळपास तिप्पट. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, ही वाऱ्याची खोड आहे.

तुम्ही म्हणाल, बाहेरच्या वाऱ्याचा सगळा दाब आतल्या दारावर कुठे पडतो? सुरुवातीला नाही पडत. पण दार मिटत येतं तसतशी त्या वाटेवरची सगळ्यात अरुंद फट तीच उरते, आणि दाबाचा मोठा हिस्सा तिथेच येऊन बसतो. म्हणून दार अगदी मिटायच्या क्षणी अडतं, बोटभर उघडं राहतं. वारा उलट दिशेचा असला तर तेच दार तोफेसारखं आपटतं.

दार आपटायला लागलं की तक्रारी सुरू. बाळ दचकून उठतं, चौकटीचं प्लास्टर सुटतं, आजींचा हात सापडता सापडता राहतो. दार मिटत नसेल तर मिस्त्री येऊन स्प्रिंगचा जोर वाढवतो. मग ते उघडायला जड जातं. याच मानकात ३ क्रमांकाच्या क्लोजरला उघडताना ४७ न्यूटन-मीटरपर्यंत मुभा आहे, म्हणजे हँडलपाशी साधारण ५५ न्यूटन. ब्रिटनच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शिकेत मात्र दार उघडताना सुरुवातीला ३० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये असं म्हटलंय. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला, कडेवर मूल असलेल्या बाईला, डोक्यावर पाण्याचा जार घेतलेल्या पोऱ्याला हे दार रोज नको म्हणतं. मग कोणीतरी वीट आणतं. त्या क्षणी त्या माणसाचं वागणं अगदी शहाणपणाचं असतं, आणि मला काळजी याचीच वाटते. कारण शहाणपणाने आलेली वीट नोटीस लावून जात नाही.

मीठ आणि पाऊस

वाऱ्याबरोबर मीठही येतं. क्लोजरचा लोखंडी हात, स्क्रू, बिजागऱ्या हळूहळू गंजतात. दारांसाठी सर्रास वापरतात ते ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील खाऱ्या हवेत डाग धरतं. समुद्राजवळ ३१६ ग्रेड लागतं आणि ते महाग पडतं. क्लोजरचं सील गेलं की आतलं तेल गळतं, आणि तेल गेलं की दाराचा वेग ताब्यात राहत नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि चौकटीत घासतं. जानेवारीत अलगद मिटणारं दार जुलैत दोन इंच बाहेर थांबतं.

आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. गंमत म्हणजे दारासाठी हे दोन महिने अगदी योग्य आहेत, एक कोरडा आणि एक ऐन पावसाचा. पण त्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा तपासणारा प्रत्येक दार हाताने उघडून सोडून बघेल. पूर्ण उघडून, अर्धं उघडून, आणि जेमतेम वीतभर उघडून. तिन्ही वेळा खिट्टी आपोआप बसली पाहिजे. पंप सुरू झाला, सिलिंडरची तारीख ठीक आहे, दारं 'आहेत', एवढ्यावर सही होत असेल तर दाराची तपासणी झालीच नाही.

कायदा होता, क्लोजरही होता

'कडक कायदा करा' म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कचं उदाहरण बघावं. ९ जानेवारी २०२२ ला ब्रॉंक्समधल्या ट्विन पार्क्स या १९ मजली इमारतीत एका हीटरमुळे आग लागली. आग जवळपास त्या एकाच घरापुरती राहिली. तरी १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं, आणि सगळी धुराने. आग लागलेल्या घराचं दार माणसं बाहेर पडल्यावर मिटलं नाही. पंधराव्या मजल्यावरचं जिन्याचं दारही उघडं राहिलं. तिथे आपोआप मिटणाऱ्या दारांची सक्ती आधीपासून होती.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली. तिथे मुख्य दोष बाहेरच्या आवरणाचा होता. पण चौकशी अहवालाने हेही नोंदवलं की अनेक घरांची दारं आपोआप मिटली नाहीत आणि धूर लॉबीत आला. चौकशी समितीची शिफारस होती की दारांचे क्लोजर दर तीन महिन्यांनी तपासावेत. प्रत्यक्षात २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत सामाईक दारं दर तीन महिन्यांनी आणि घरांची दारं वर्षातून एकदा, असं ठरलं. माणसांच्या घरात वारंवार शिरणं अवघड, म्हणून ही तडजोड. ती चूक की बरोबर यावर वाद होईल, पण निदान दार हे सतत बिघडत राहणारं यंत्र आहे, एवढं तिथल्या नियमाने मान्य केलं.

आमच्या मॉडेलमधलं दार

आता घरचा आहेर. धुराचं गणित करायला आम्ही संगणकीय मॉडेल वापरतो. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची सीफास्ट आणि एफडीएस ही त्यातली नेहमीची. त्यात दार उघडं की बंद, हे संशोधकाने आधी भरायचं असतं. बहुतेक वेळा आम्ही 'नियमाप्रमाणे बंद' असं भरतो आणि मग निष्कर्ष काढतो की जिना सुरक्षित राहिला. हे म्हणजे स्वयंपाकात मीठ घातलंय असं गृहीत धरून भाजीची चव ठरवण्यासारखं आहे. दाराची खरी अवस्था संशोधनाचा भाग झाली पाहिजे. किती दारं अडवलेली आहेत, कुठल्या मजल्यावर, दिवसाच्या कुठल्या वेळी, वारा असताना की नसताना. या मोजणीला महागडी उपकरणं लागत नाहीत. लागतात ते पाय आणि वही. कदाचित म्हणूनच ती कमी होते.

मग करायचं काय?

सगळ्या दारांना एकच नियम लावला की सगळीकडे वीट येते. निदान तीन प्रकार वेगळे करायला हवेत.

पहिलं, जिन्याचं दार. हे कधीच अडवायचं नाही, इथे सवलत नाही. पण मग ते अडवायचं कारण काढून टाकायला हवं. पलीकडचा माणूस दिसावा म्हणून दारात अग्निरोधक काचेची पट्टी हवी. लॉबीला स्वतःचा उजेड आणि वारा हवा, म्हणजे हवेसाठी जिन्याचं दार उघडावं लागणार नाही. आणि क्लोजर निवडताना त्या बाजूचा वारा विचारात घ्यायला हवा. हे आर्किटेक्टचं काम आहे, वॉचमनचं नाही.

दुसरं, सतत वर्दळीचं दार. रुग्णालयाचा कॉरिडॉर, हॉटेलची लॉबी. स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला दर पाच मिनिटांनी दार ढकलायला लावणं हा शुद्ध अव्यवहार आहे. इथे विद्युतचुंबक वापरावा. तो दार उघडं धरतो आणि धुराचा अलार्म वाजला की सोडतो. वीज गेली तरी सोडतो, कारण बिघाडातही दार बंदच झालं पाहिजे. पण आपल्या भागात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. दर वेळी सगळी दारं मिटली आणि ती परत चुंबकाला टेकवायची जबाबदारी कोणाचीच नसली, तर महिन्याभरात चुंबकाशेजारी वीट दिसेल. त्यामुळे छोटा बॅटरी बॅकअप आणि एक जबाबदार माणूस, दोन्ही यंत्राइतकेच आवश्यक.

तिसरं, आपल्या घराचं दार. आपल्याकडे संध्याकाळी लाकडी दार उघडं आणि बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर बंद असतं. हवा येते, शेजारी दिसतात, काकू जाता जाता दोन शब्द बोलतात. कोकणातल्या घराची ओटी फ्लॅटमध्ये उरली ती एवढीच, आणि ती काढून घेणारा नियम कोणी पाळणार नाही. पण जाळीतून धूर सरळ बाहेर येतो. रोजच्या वापरात मोकळं हलणारं आणि अलार्म झाला की मिटणारं क्लोजर मिळतं. नव्या इमारतींत त्याचा विचार व्हावा. जुन्या घरांत आज फुकट करता येईल असं एकच आहे : आग लागली आणि बाहेर पडलात, तर मागचं लाकडी दार ओढून घ्या. हे लहान मुलांनाही शिकवा. ट्विन पार्क्समध्ये एवढंच दार मिटलं असतं तर वरच्या मजल्यांवर धूर कितीतरी कमी गेला असता.

या सगळ्याला पैसे लागतात, आणि सोसायटीच्या सभेत रंगाचा खर्च आधी मंजूर होतो हे मलाही माहीत आहे. म्हणून सुरुवात बिनखर्चाची करा. वारा असतो त्या वेळी, दुपारी चारच्या सुमारास, आपल्या जिन्याच्या दारापाशी जा. वीट असेल तर बाजूला करा, दार वीतभर उघडून सोडा आणि खिट्टी बसते का बघा. बसली नाही तर कमिटीला लेखी कळवा, आणि सोबत हेही लिहा की वीट कोणी आणि कशासाठी ठेवली होती. पुढच्या जानेवारीत फॉर्म बीवर सही करायला येणाऱ्याला तो कागद दाखवा.