अर्धी गोड, अर्धी खारी

लोणारच्या विवरात, कमळजादेवीच्या देवळाजवळ, सरोवराच्या अगदी कडेला एक विहीर आहे. तिला म्हणतात सासू-सुनेची विहीर. एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारं. एवढंच. डोळे दिपावेत असं तिच्यात काही नाही. पण आमच्या साखरखेर्ड्याहून लोणारला निघालेल्या जीपमध्ये विचारून पाहा, काय बघणार म्हणून. पुरुष दैत्यसूदनाच्या देवळाचं नाव घेतील, पोरं उल्केचं, आणि बाया या विहिरीचं. मला ही विहीर नेहमीच तीन शब्दांची कविता वाटत आली आहे. सासू, सून, विहीर. कविता म्हटली की ती सावकाश वाचावी लागते, आणि तिच्यापर्यंत पोचायची वाटही कवितेतच धरावी लागते.

आमच्याकडे ‘सहल’ हा शब्द शाळेचा. घरची माणसं सहलीला जात नसत, देवाला जात. शेगावला गजानन महाराज, मेहकरला बालाजी, लोणारला कमळजा. देव हे निमित्त असतं हे देवालाही ठाऊक असावं. निमित्त नसतं तर शेतातली कामं टाकून, फडक्यात भाकरी-ठेचा नि दशम्या बांधून, बारा माणसं एका जीपमध्ये कोंबून निघायला कुणी हो म्हटलं असतं? लग्नानंतर मी पहिल्यांदा लोणारला गेले ती अशीच, पाऊस फार कमी पडलेल्या वर्षी, नवी सून म्हणून, जीपच्या मागच्या आडव्या बाकावर, मांडीवर पाण्याची कळशी धरून.

लोणारचं पहिलं कडवं म्हणजे धार. विवराच्या वरच्या काठाला गोमुखातून पाणी पडतं आणि ते बारमाही पडतं. आजूबाजूच्या विहिरी आटल्या तरी हे सुरू. लोक तिच्याखाली अंघोळ करतात, तीर्थ म्हणून बाटल्या भरून नेतात. त्या कोरड्या वर्षी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धारेखाली डोकं धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. गावात प्यायच्या पाण्याला दोन कोस जावं लागत होतं आणि इथे ते फुकट डोक्यावर पडत होतं. त्यांचा तो चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता.

धारेपासून खाली उतरायला लागलं की सूर बदलतो. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, काठापासून तळ दीडशे मीटरच्या आसपास खोल. आकडे वाचून काही कळत नाही, उतरताना गुडघ्यांना कळतं. सीताफळ, कडुनिंब, बाभळी. मोराचा आवाज येतो, वानरं वाटेत बसलेली असतात आणि फडक्यातल्या दशम्यांचा त्यांना आपल्याआधी पत्ता लागतो. वाटेत पडकी देवळं येतात. जसजसं खाली जावं तसतसा वारा थांबतो नि नाकात एक कुबट वास शिरतो. मग पाणी दिसतं. हिरवंगार, दाट, न हलणारं. आत्याबाईंनी ते पाहून पहिलं वाक्य म्हटलं ते असं, “हे पापडखाराचं पाणी व्हय.”

त्यांचं वाचन अचूक होतं. या सरोवराचं पाणी नुसतं खारट नाही, ते अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या घरात जातो. इथला क्षार कितीतरी काळ काढला जात होता. डल्ला, खप्पल, पपडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावं जुन्या नोंदींत सापडतात. साबण, काच, रंगकाम अशा उद्योगांना तो लागे. ज्या गोष्टीला शास्त्रज्ञ सोडा म्हणतील ती आत्याबाईंनी पापडाच्या पिठातून ओळखली. वाचकाला स्वतःचा संदर्भ असला की मजकूर असा उघडतो.

हे सगळं कसं झालं याच्या दोन कथा आहेत. एक पुराणाची. लवणासुर जमिनीखाली दडून होता, त्याच्या भुयारावर झाकण होतं. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, असुराच्या बहिणींना त्याने भुलवलं, त्यांच्याकडून जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवलं. पाणी म्हणजे असुराचं रक्त, क्षार म्हणजे त्याचं मांस. गावातलं दैत्यसूदन मंदिर हीच कथा दगडात सांगतं. मंदिराचं शिखर पुरं झालेलं दिसत नाही, पण तारकाकृती मांडणी आणि भिंतीभर कोरलेल्या आकृती पाहताना ते ध्यानातही येत नाही. मे महिन्याच्या मध्यावर काही दिवस सूर्याची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात आणि त्यासाठी लोक गर्दी करतात.

दुसरी कथा आकाशातून पडलेल्या दगडाची. बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर जगात दुर्मीळ. वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षांचं ठरतं, दुसऱ्या पद्धतीने 5 लाख 70 हजार वर्षांचं. गंमत अशी की या दोन कथा एकमेकींना फारसं खोडत नाहीत. दोन्हींत वरून काहीतरी आलं, जमिनीचं झाकण उडालं आणि खालचं खारं उघडं पडलं. नवऱ्याने हे मला काठावर मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. माझं लक्ष दशम्यांकडे होतं.

मग विहीर. ओला हंगाम असला की ती सरोवराच्या पाण्यात बुडून जाते, पाणी मागे सरलं की उघडी पडते. म्हणजे ही कविता दरवर्षी वाचायला मिळेलच असं नाही, आणि ती मिळते तीही बहुधा दुष्काळात. त्या वर्षी ती उघडी होती. आत्याबाईंनी आधी एका बाजूचं पाणी ओंजळीत घेऊन मला चाखायला लावलं, मग दुसऱ्या बाजूला बोट बुडवून जिभेवर टेकवायला. पहिलं गोड. दुसऱ्याने तोंड वाकडं झालं. सगळ्या बाया हसल्या. नणंदबाईंनी विचारलं, “सांग वं, सासू कोन्ती नि सून कोन्ती?”

खरी कविता इथे सुरू होते. नाव नीट वाचा. सासू-सुनेची विहीर. कोणतं पाणी कुणाचं हे नाव सांगत नाही. खारी सासू, गोड सून, असं आपण गृहीत धरतो, कारण जात्यावरच्या ओव्यांपासून मालिकांपर्यंत आपल्याला तसंच ऐकवलं गेलं आहे. वाटाडेही आपापल्या परीने भर घालतात. पण नावात दोघी शेजारी उभ्या आहेत, मध्ये फक्त एक जोडरेघ. ज्याने हे नाव ठेवलं, आणि मला खात्री आहे की ती ‘ज्याने’ नव्हे ‘जिने’ होती, तिने उत्तर झाकून ठेवलं. मी नवी सून होते. घाबरून म्हटलं, “मले नाही माहीत.” आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं नि देवीकडे वळल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला या कवितेची दुसरी ओळ दिसली, ती भूगोलाच्या एका साध्या नियमात. धारेचं पाणी गोड. तेच झिरपत, वाहत खाली येतं आणि सरोवराला मिळतं. सरोवराला बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागे राहतो. पुन्हा पाणी येतं, पुन्हा उडतं, पुन्हा क्षार राहतो. म्हणजे तळ्यातल्या खाऱ्या पाण्यात कधीतरी धारेतून आलेलं गोड पाणीच आहे, फक्त फार दिवस एकाच जागी राहिलेलं, बाहेर पडायला वाट न मिळालेलं. विहिरीत आजचं पाणी नि जुनं पाणी एका वेळी भेटतं. दोघी वेगळ्या नाहीत. एकीला अजून ऊन लागायचं आहे.

हे मी आत्याबाईंना सांगायला हवं होतं. राहून गेलं.

इंग्लंडमध्ये एक तळं पाहिलं तेव्हा ही विहीर फार आठवली. मावसबहिणीकडे महिनाभर राहायला गेले होते. तिथे रविवार म्हणजे गाडी काढून खेड्याकडे जायचं, हा नेमच. तपकिरी रंगाच्या पाट्या रस्त्याकडेला बाण दाखवत राहतात, तो धरला की वाहनतळ, तिकीट, नकाशा, चहाचं दुकान, भेटवस्तूंचं दुकान. ती आम्हाला विल्टशरमधल्या स्टूरहेडला घेऊन गेली. हेन्री होर नावाच्या बँकवाल्या घराण्यातल्या माणसाने 1740च्या दशकापासून तिथे ओढा अडवून तळं करवून घेतलं आणि काठाने देवळं उभारली. फ्लोराचं, अपोलोचं, एक पँथिऑन. तळ्याभोवती पायवाट आहे आणि ती अशी आखली आहे की एका देवळातून दुसरं दिसावं, मग झाडीत लपावं, मग एकदम समोर यावं. गुहेत पाण्याशेजारी निजलेल्या अप्सरेचा पुतळा आणि तिच्याजवळ कोरलेली कविता. 1946 पासून ही जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे. स्वच्छता अशी की बसायच्या आधी बाक झटकायची गरज नाही. बहिणीची मुलं हातातल्या कागदावर एकेक खूण सापडली की टिक करत होती. मला ते सगळं मनापासून आवडलं, चहासुद्धा, जरी त्यात आलं नव्हतं.

पण चालता चालता जाणवलं की ही कविता आधीच कुणीतरी वाचून ठेवली आहे. कुठे थांबायचं, कुठे वळून पाहायचं, कोणत्या ओळीला वाहवा म्हणायचं हे ठरलेलं. लोणारलाही तळ्याभोवती देवळं आहेत, डझनभराहून जास्त, पण ती कुणी एका नजरेसाठी मांडली नाहीत. ज्याला जिथे देव दिसला तिथे त्याने बांधलं. पाट्या थोड्या, वाटा निसरड्या, शौचालयाची पंचाईत, बायांची तर फारच. त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. 2020 मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं नि देशभर बातम्या झाल्या. तेव्हापासून माणसं वाढली, सोय मात्र त्या मानाने नाही. तरीही अर्थ लावण्याचं काम लोणार अजून घरच्या माणसांवर सोडतं. सासूने बोट बुडवायला लावलं म्हणून मला कळलं, कागदावर खूण करून कळलं नसतं.

आणि पाटी नसण्याचं आमचं साखरखेर्डा तर मोठं उदाहरण. 11 ऑक्टोबर 1724 रोजी इथेच निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला आणि दख्खनमध्ये निजामाचं घराणं पाय रोवून उभं राहिलं, ते पुढे सव्वादोनशे वर्षं टिकलं. विजयाची आठवण म्हणून गावाचं नावही फतेहखेलडा ठेवलं होतं. ते नाव गेलं, साखर राहिली. इंग्लंडात असतं तर या शिवारात तपकिरी बाण, लढाईचा नकाशा आणि तलवारीच्या आकाराची बिस्किटं मिळाली असती. आम्ही सोयाबीन पेरतो. लोणारला जाताना जीप याच शिवारातून निघते, आणि त्या दिवशी बाहेर कुणाचंच लक्ष नसतं, डबे नीट बसले का हे पाहण्यात सगळे गुंतलेले.

गेल्या वर्षी मी सुनेला घेऊन गेले. ती मला आई म्हणते, आत्याबाई नाही. नात बरोबर होती. धारेखाली आम्ही तिघी उभ्या राहिलो, माझं डोकं पहिलं भिजलं. खाली उतरायला मला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. अलीकडे पाणी फार चढलं आहे, कमळजेच्या देवळापर्यंत येऊन पोचलं आहे. विहिरीचा पत्ताच नव्हता. सुनेने विचारलं, “कुठे आहे ती, आई?” मी अंदाजाने हिरव्या पाण्याकडे बोट दाखवलं. इथे असेल, नाही तर तिथे.

“कोणती बाजू गोड होती?”

मला आठवेना. खरंच आठवेना. एवढ्यात नात वाकली. मी म्हटलं, चाखू नको. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून माझ्याकडे पाहिलं.